नव्वदला बंद

अप्पा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी या भागातली माणसं अजून अमावस्येलाच बॅटरीला पाणी पाजतात. ट्रॅक्टरवाले, मंडपवाले, घरात इन्व्हर्टर असलेले मास्तर, झाडून सगळे. कॅलेंडरात काळा गोल आला की जवळा बाजारच्या आपल्या दुकानातल्या डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या दुपारपर्यंत संपतात. महिन्यातून एकदा पाणी बघत जा, एवढंच साधं सांगितलं असतं तर लोक विसरले असते, म्हणून तुम्ही त्याला अमावस्या जोडून दिलीत आणि मोकळे झालात. लोकांच्या बॅटऱ्या त्यामुळे टिकल्या, हे मला मान्य आहे. पण तुम्ही निघून गेलात, बॅटऱ्या बदलल्या, आणि तुमची अमावस्या निस्तरायला मी मागे राहिले. आज रविवार, दुकान बंद आहे, आणि मी तुमच्याच उंच स्टुलावर बसून एका वॉरंटी कार्डाच्या कोऱ्या बाजूवर हे लिहिते आहे. कार्ड पुरणार नाही. ड्रॉवरमध्ये अजून पुष्कळ पडलीत.

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर आता एक नाव चालते, तुमच्या वेळी ती नव्हती. काठावरच्या एका गावातल्या बऱ्याच लोकांची शेतं पाण्याच्या पलीकडे आहेत आणि सडकेनं जायचं तर अर्धा दिवस वळशातच जातो. म्हणून गावानं मिळून पत्र्याची एक रुंद नाव केली, तिची एक समिती केली, आणि सुकाणू तुमच्या मित्राच्या हाती दिलं. तेच काका, जे मासे धरायला जाताना लागणाऱ्या दिव्याची बॅटरी दर आठवड्याला आपल्याकडे चार्जिंगला टाकायचे आणि ती भरेपर्यंत तुमच्याशी गप्पा हाणत बसायचे. आता ते सत्तरीला टेकलेत. मासेमारी सुटली, पण नाव सुटली नाही. सकाळी बायकांना कापूस वेचायला पलीकडे न्यायचं, संध्याकाळी बोचक्यांसकट परत आणायचं, एवढंच त्यांचं आयुष्य उरलंय आणि त्यात ते खूश होते. घरी सून आहे, लेक आहे, कसली ददात नाही. पण नावेवर नसले की काका अंगणात नुसते फेऱ्या मारतात.

नावेला विजेवर चालणारी मोटर आहे आणि तिला चार शिशाच्या बॅटऱ्या होत्या. चार म्हणजे केवढं वजन, ते तुम्हाला सांगायला नको. तुमचा मणका त्यातच गेला. दोन वर्षांत त्या बसल्या. समितीनं मला बोलावलं, आणि मीच लिथियम घालू म्हणून आग्रह धरला. वजन निम्म्याहून कमी, आयुष्य कितीतरी जास्त, ऍसिड नाही, वास नाही. बसवायला मी दोन दिवस तिथे होते. मधल्या फळीखाली पेटीला जागा केली, तळाला पाणी साचतं म्हणून खाली रबराचे ठोकळे दिले, नाव हलली तरी पेटी हलू नये म्हणून पट्टे आवळले. जाड वायरींच्या टोकांना तांब्याचे नवे लग्ज दाबून बसवले, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर घातला. टक्के दाखवणारं मीटर सुकाणूजवळ लावलं. घाटावरच्या पत्र्याच्या खोलीत या बॅटरीचा वेगळा चार्जर ठोकला. काम चोख झालं होतं अप्पा. तुम्ही असता तर एखादी वायर ओढून बघितली असती आणि काही बोलला नसता, म्हणजे पसंत.

काका दोन्ही दिवस उकिडवे बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "बराबर हाय समदं. पर पाणी घालायची बुचं कुटं ठिवली हिची?"

"हिला पाणी लागत नाही, काका."

"कदीच न्हाई?"

"कधीच नाही."

त्यांनी पेटीवर बोट वाजवून बघितलं. मग म्हणाले, "जे पाणी मागत न्हाई, ते जितं कसं ऱ्हाईल, माय?"

मी हसले. हसायला नको होतं, कारण मग मला शिकवायचा जोर चढला. तुमचा दुसरा नियम आठवतो ना? बॅटरी उपाशी ठेवायची नाही, पोटभर चार्ज करायची, वर तासभर अजून. शिशाला ते लागूच पडतं. पण मी फोनवर एका माणसाचा व्हिडिओ पाहिला होता, की लिथियम गच्च भरू नये, त्यानं तिचं आयुष्य कमी होतं. मला तर आनंदाची उकळीच फुटली. अप्पांचा एक तरी नियम उलटा निघाला! मी कुंचला मागवला आणि घाटावरच्या खोलीच्या भिंतीवर, चार्जरच्या वर, लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं: नव्वदला बंद. काकांना समजावलं, मीटरवर नव्वद टक्के दिसले की प्लग काढायचा, एकही टक्का जास्त नको. काकांनी मान हलवली. "तू म्हनशील तसं," म्हणाले. आणि अप्पा, ते तसंच वागले. पुढचे तीन महिने, रोज.

आता त्या दिवसाचं सांगते. मागच्या महिन्यातली गोष्ट. दुपारी चारच्या सुमाराला फोन आला, नाव पाण्यात मधोमध बंद पडली. मी दुकानाचं शटर ओढलं आणि स्कूटर काढली. पोचले तेव्हा घाटावर माणसं जमली होती आणि नाव नुकतीच काठाला लागली होती. चौदा बायका, कापसाची बोचकी, आणि वारा सुटलेला. मोटर एकाएकी थांबली आणि नाव धरणाच्या भिंतीच्या अंगाला वाहायला लागली. काकांनी फळी उखडून वल्ह्यासारखी मारली, दोन बायकांनी जेवणाच्या ताटल्यांनी पाणी लोटलं, तेवढ्यात मासेमारीची एक होडी मदतीला आली. कुणाला काही झालं नाही. पण एक बाई काठाला उतरून पोटावर हात ठेवून बसली होती, तिला सहावा महिना होता, आणि तिची सासू सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडत होती. काका नावेतच उभे होते, धोतर कमरेपर्यंत भिजलेलं, हात सोलवटलेले.

मी आधी मीटर बघितलं. चौतीस टक्के. म्हणजे तिसरा हिस्सा शिल्लक, आणि मोटर ठप्प. मग पेटीचं झाकण उघडलं, तर बॅटरीच्या डोक्यावर पाणी. चार थेंब नव्हेत, चांगलं ओघळलेलं. आणि पेटीच्या कोपऱ्यात आपल्याच दुकानातली डिस्टिल्ड वॉटरची अर्धी बाटली.

"काका, हे काय?"

"आज अमुशा न्हाई का," काका म्हणाले. "आत घालाया जागा न्हाई, म्हून वरूनच जरा शिंपडलं. मान म्हून."

अप्पा, माझा तोल गेला. चौदा बायका, ती पोटुशी, सगळी समिती, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, कारण लिथियम मी आणली. आणि समोर हे पाणी. मी ओरडले. "कधीपासून सांगते आहे, पाणी नको, पाणी नको! इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे ती, शॉर्ट झालं आत! माणसं बुडवायची होती का तुम्हाला? वयच झालं आता, हे तुमचं काम राहिलेलं नाही." हे शेवटचं वाक्य मी म्हणाले. स्पष्ट, मोठ्यांदा. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी कमरेची चावी सोडली आणि समितीच्या अध्यक्षाच्या हातात दिली. अध्यक्षानं ती घेतली. नको म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं, पण तो म्हणाला, "व्हय काका, आता आराम करा." विषय संपला.

बॅटरी मी दुकानात आणली. दुसऱ्या दिवशी वॉरंटीचं सील तोडून झाकण उघडलं. आत कोरडी ठणठणीत. पाण्याचा डाग नाही, गंज नाही, काही नाही. वरचं पाणी वरच राहिलं होतं. मग मी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिकडून एक पोरगी हिंदीत बोलत होती आणि दर वाक्याला मला मॅडम म्हणत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं एकच प्रश्न विचारला, "मॅडम, लास्ट टाइम फुल हंड्रेड कब किया था?"

मी म्हणाले, कधीच नाही, आम्ही नव्वदलाच बंद करतो.

"तीन महीने से?" ती पोरगी इतक्या मोठ्यांदा हसली की मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. मग तिनं सांगितलं. मीटर बॅटरीच्या पोटात डोकावून बघत नाही, ते नुसतं आत किती गेलं आणि बाहेर किती आलं ते मोजत बसतं. मोजताना रोज थोडं चुकतं. बॅटरी पूर्ण भरली की त्याला कळतं, हे शंभर, आणि ते पुन्हा नीट मोजायला लागतं. कधीच पूर्ण भरली नाही तर चूक साठत जाते. मीटर म्हणतं चौतीस, बॅटरी असते रिकामी. आणि शिशाची बॅटरी थकली की मोटर रडतखडत का होईना थोडं पुढे नेते, ही मात्र शेवटपर्यंत जोरात चालते आणि मग आतलं सर्किट तिला वाचवायला एकदम बंद करतं. "मॅन्युअल में लिखा है मॅडम, महीने में एक बार फुल." मी मॅन्युअल काढलं. पान नऊ. मी ते वाचलंच नव्हतं, व्हिडिओ पाहिला होता ना मी!

त्या दिवशी मी काउंटरमागे बसून राहिले आणि मला तीस वर्षांपूर्वीची दुसरीच एक दुपार आठवत राहिली. तुम्हालाही आठवत असेल, तुम्ही कधी बोलला नाहीत ती गोष्ट वेगळी.

मी एकोणीस वर्षांची आहे. बाजाराचा दिवस आहे, दुकानासमोर कापसाच्या गाड्या लागल्यात. मी आईचा डबा घेऊन नुकतीच दुकानात आले आहे. बाकावर एक ट्रॅक्टरची बॅटरी चार्जिंगला लागलेली आहे, शेजारी काका धोतराचा सोगा सावरत पान खात बसलेत. चार्जिंगला लावताना बॅटरीची बुचं ढिली करायची असतात, आतला वायू बाहेर पडायला, हे मला आठवीपासून माहीत आहे. तुम्ही चार्जर बंद न करताच चिमटा काढता, ठिणगी पडते, आणि बॅटरी फटाक्यासारखी फुटते. ऍसिड उडतं. तुम्ही बादलीतलं खायच्या सोड्याचं पाणी काकांच्या पायांवर ओतता, मी दुसरी बादली भिंतीवर. कुणाला भाजलं नाही, पण काकांच्या धोतराची बघता बघता चाळणी होते. बाहेर माणसं जमतात. आणि तुम्ही त्या सगळ्यांसमोर माझ्याकडे वळता. "बुचं आवळून ठिवली व्हती हिनं! किती डाव सांगितलं! बायकांचं काम न्हाई हे, मी म्हनलंच व्हतं!"

ती बॅटरी मी चार्जिंगला लावलीच नव्हती, अप्पा. मी तर डबा घेऊन आत्ता आले होते. तुम्हीच सकाळी लावली होती.

डबा ठेवला आणि घरी आले. पुढे दोन दिवस दुकानात आले नाही. तिसऱ्या दिवशी आईनं ढकलून पाठवलं, तर माझ्या स्टुलावर एक लांबट खोका ठेवलेला होता. आत नवीकोरी पिचकारी. काचेची नळी, वर लाल रबरी फुगा, आत तरंगणारा मापाचा काटा. ऍसिड ओढून घेतलं की बॅटरी किती भरली ते सांगणारी. बाहेरगावाहून मागवलेली, आपल्याकडे तोवर एकच होती आणि ती फक्त तुम्ही वापरायचा. तुम्ही पाठ करून टर्मिनल घासत होता. काही बोलला नाहीत. मला त्या खोक्यात एवढंच वाचता आलं: आता तरी नीट मोजायला शीक. टोमणा वाटला मला तो, दुसरा रट्टा. त्या पिचकारीचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. किंवा तुम्हाला वाटतं की माहीत आहे.

तर मी सत्तावन्न पानांचं मॅन्युअल पाठ करून बॅटरी पूर्ण भरली, मीटर ताळ्यावर आणलं, आणि बॅटरी परत नावेत बसवली. काम झालं म्हणून समितीला फोन केला. काय बिघडलं होतं, अध्यक्षानं विचारलं. मी म्हणाले, "सेटिंग होतं." बघा अप्पा, तीस वर्षं तुमच्या नावानं बोटं मोडली आणि वेळ आली तेव्हा तोंडातून हेच निघालं. सेटिंग होतं! कुणाचं सेटिंग, ते मी बोललेच नाही. नाव सुरू झाली, समितीतलाच एकजण चालवायला लागला, आणि त्यानं पहिल्याच आठवड्यात ती घाटाच्या दगडावर चढवली. काका घरी अंगणात.

माझ्यानं राहवेना. मी एक छोटी पेटी विकत आणली. बॅटरी तळाला जायला लागली की ती कर्कश ओरडते, मोटर थांबायच्या आधी पाच-दहा मिनिटं. पाच मिनिटांत काठ गाठता येतो. ती घेऊन मी गेल्या रविवारी काकांच्या घरी गेले. मनात ठरवलेलं काही नव्हतं, खरं सांगते. नुसती पेटी द्यायची, एवढंच. काका अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, सून चहा टाकायला आत गेली. मी पेटी पुढे केली, ती कशी ओरडते ते दाखवलं. काकांनी हातात घेतली, उलटसुलट केली.

"चांगली हाय. मुकी व्हती, आता बोलंल." मग म्हणाले, "पर मला काहून दाखवून राहिली? चावी माज्यापाशी न्हाई."

काका शेंगा सोलत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुज्या बापानं बी तसंच केलं व्हतं. बोलायचं व्हतं अन् पिचकारी आनली."

"कसली पिचकारी?"

"अगं, ती ट्रॅक्टरची फुटली न्हाई का, माजं धोतर गेलं त्या दिशी. बुचं त्यानंच आवळून ठिवली व्हती. संध्याकाळी माज्यापाशी येऊन बसला. म्हने, लेकरावर आळ घेतला म्या, आता तोंड कसं दावू. म्या म्हनलं, सांग की सरळ. तर म्हने, जीभ उचलत न्हाई. मंग त्यानं ती पिचकारी मागवली. म्हने, हे बघून समजंल तिला, की आता ती माज्या बराबरीची झाली."

मला हे ऐकून रडू यायला हवं होतं. मला आला तो संताप. "काका! तीस वर्षं! तुम्हाला सांगता आलं नाही मला?"

"मला काय म्हाईत तुला म्हाईत न्हाई!" काकाही चिडले. "तुमी बाप-लेक रोज एका दुकानात बसता, आन् मी पानाला यायचा मानूस. मी काय दर गोष्टीचं सांगत फिरू?"

सून चहा घेऊन आली आणि आमच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी चहा घेतला नाही, आधी बोलून घेतलं. नव्वदला बंद हा नियम चुकीचा होता, काका. मीच लिहिला होता. तुम्ही पाळलात म्हणून नाव थांबली. पाण्यानं काहीही झालेलं नव्हतं, आत थेंब गेला नव्हता. मला हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं आणि मी महिनाभर गप्प बसले. सगळं एका दमात. काका ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हंजी पोटभरच द्यावं लागतंय?"

"महिन्यातून एकदा तरी. पूर्ण."

"महिन्यातून एकदा," काका म्हणाले, आणि म्हातारा असा हसला की तुरीची टोपली कलंडली. "म्हंजी अमुशा ऱ्हाईलीच की, माय!"

आज सकाळी समिती घाटावर जमली होती. मी उभी राहिले आणि हेच सगळं पुन्हा बोलले, त्या दिवशी ओरडले होते तेवढ्याच मोठ्यानं. ती पोटुशी बाई आणि तिची सासूही होती. सासूनं मला दहा वाक्यं ऐकवली, मी ती ऐकून घेतली. अध्यक्षानं विचारलं, मग ताई, त्या दिवशी तुम्ही फोनवर सेटिंग म्हनला होता? मी म्हणाले, हो, माझ्या डोक्यातलं सेटिंग. लोक हसले. अध्यक्षानं चावी काकांपुढे धरली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. आधी धोतराला हात पुसले, मग घेतली आणि कमरेला लावली. मग मी कुंचला घेऊन भिंतीवरचं लाल नव्वद खोडलं आणि त्याखाली लिहिलं: दर अमावस्येला पूर्ण शंभर. लिहिताना तुमच्यावर इतकी चिडले होते की अक्षरं वाकडी आली. तुम्ही न सांगता, न वाचता, न व्हिडिओ बघता, मेल्यावर एकोणीस वर्षांनी पुन्हा बरोबर निघालात. निम्मे तरी.

पण एक गोष्ट तुम्ही बरोबर केली नाहीत, आणि ती मी सोडणार नाही. तुमची जीभ उचलली नाही, म्हणून मी तीस वर्षं एका खोक्याचा चुकीचा अर्थ लावत बसले. तुमच्या बराबरीची झाले, हे मला काकांकडून ऐकावं लागलं, तुरीच्या शेंगा सोलता सोलता. चार शब्द होते अप्पा. 'बुचं मीच आवळली होती.' मी आज मोजून बघितले, चारच आहेत.

हे पत्र कुठे टाकायचं ते काही माहीत नाही. ड्रॉवरमध्येच ठेवेन, पावत्यांच्या खाली, तिथे तुमचा चष्मापण आहे. फक्त एक राहिलं. त्या पिचकारीचं. तुम्हाला मी सांगितलं होतं की मांजरानं पाडली. तुम्ही काच झाडूनं गोळा केलीत, एक तुकडा माझ्या स्टुलाखाली राहिला होता तो हातानं उचललात, आणि काही विचारलं नाहीत. मी फेकली होती ती, भिंतीवर, जोर लावून. आणि आपल्या दुकानात ऍसिडच्या वासानं आजवर एकही मांजर शिरलेलं नाही, हे तुम्हालाही माहीत होतं.